मोपाच्या बाजूला सरकारने नवं शहर वसवलं तर आम्हा कुळा-मुंडकारांचं काय?

पेडण्यातला एक

नमस्कार मंडळी. मी उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, आमच्या गावातून विमानं उतरताना दिसतात. जानेवारी २०२३ ला मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि तेव्हापासून दर आठवड्याला कोणीतरी भाड्याची गाडी घेऊन येतो, सर्व्हे नंबर विचारतो, डोंगराचे फोटो काढतो, निघून जातो. मग काही महिन्यांनी तिथे जेसीबी लागलेला असतो. रस्ता मात्र तोच जुना, पाणी तेच चांदेलच्या प्रकल्पाचं, आणि तिळारी धरणाचा कालवा फुटला की ते पण बंद. परवा देवळात बसलो होतो तेव्हा आमच्यातलाच एक शिकलेला मुलगा म्हणाला, असं तुकड्या-तुकड्याने गाव जाण्यापेक्षा सरकारनेच नवी मुंबईसारखं एक शहर नीट आखून बांधावं, रुंद रस्ते, गटारं, शाळा, हॉस्पिटल सगळं एकदमच. मला त्याचं पटलं, पण रात्री झोप आली नाही. कारण आमचं घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, काजूची बागायत भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, आजोबांपासून कुळ म्हणून आम्हीच करतो, फॉर्म एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव आहे पण केस मामलेदाराकडे किती वर्षं पडून आहे. उद्या खरंच जमीन घेतली तर पैसे कोणाला, प्लॉट कोणाला? कोणी असं जवळून बघितलंय का?

खारघरचा गोंयकार

भाऊ, मी मूळ डिचोलीचा, पंचवीस वर्षं इकडे आहे आणि बायको उरण साइडची, प्रकल्पग्रस्ताच्या घरातली, त्यामुळे हे जेवणाच्या ताटावर ऐकलेलं सांगतो. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला आली, ९५ गावांची जमीन घेतली. शहर छान झालं, खोटं कशाला बोलू, रस्ते रुंद आहेत, स्टेशनं मोठी आहेत. पण भातशेती आणि मिठागरं गेली त्यांना सुरुवातीला फक्त पैसे मिळाले आणि ते लग्नात नि घर दुरुस्तीत संपले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, ती सुद्धा १९९० उजाडल्यावर. त्या साडेबारातले पण ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापतात म्हणजे हातात येतात पावणेनऊ. पुढे नवी मुंबईच्या एअरपोर्टला जमीन गेलेल्या गावांना साडेबावीस टक्के मिळाले, म्हणजे बघा, जे शेवटी उठले त्यांना जास्त, कारण तोवर लोक शिकले होते.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. गावठाण वाढवून दिलंच नाही. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, बाजूच्या जागेत खोली चढवली, ती अनधिकृत ठरली. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हा शब्द इथे शेंबड्या पोराला पण माहीत आहे, सासऱ्यांनी आयुष्यभर नोटिसा सांभाळल्या. तेव्हा तुम्ही शहराला हो म्हणा किंवा नको म्हणा, पण तुमच्या वाड्याभोवती किती जागा वाढायला सोडणार ते नकाशावर लिहून घ्या. पाण्याचं पण विचारा. नेरूळ-वाशीला महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे म्हणून चांगलं चाललंय, आमच्या खारघरला एप्रिल-मे मध्ये टँकर.

वाळकिणी कॉलनी

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आम्ही दक्षिण गोव्यातल्या कुर्डीचे. साळावलीचं धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेला आणि आम्हाला इकडे वाळकिणीला आणलं, काहींना वाडे गावात. अख्ख्या दक्षिण गोव्याला पाणी मिळणार म्हणून आमच्या माणसांनी सोडला गाव, कोणी धरून-बांधून काढलं नाही. घराला प्लॉट आणि शेतीला जमीन मिळाली खरी, पण तिच्या मालकीचा कागद आमच्या बाबांनी ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरूनच शोधला, आणि कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, भावाभावात वाटणी होत नाही. जमीन तीच पण हातात धरता येत नाही अशी. मे महिन्यात पाणी खाली गेलं की आम्ही सोमेश्वराच्या देवळाकडे जातो, घराचा चौथरा दिसतो, आई तिथे तुळशीची जागा दाखवते.

दादा, तुमची कुळाची केस आधी संपवा. शहराचा विचार नंतर. जमीन जायच्या आधी जे लिहून मिळत नाही ते गेल्यावर मिळत नाही, हे मी आमच्या तिसऱ्या पिढीवरून सांगते.

निवृत्त सर्व्हेअर

ताईंचं शंभर टक्के बरोबर. थोडं कायद्याचं बोलतो. मुंडकार कायदा १९७५ चा, त्यात पंचायत भागात घर आणि भोवतालची ३०० चौरस मीटर जागा विकत घेता येते, त्यासाठी मामलेदाराकडे वेगळा अर्ज लागतो, कुळाची केस आहे म्हणून तो आपोआप होत नाही. बरेच लोक इथेच चुकतात. आणि कुळ म्हणून जमीन नावावर झाली तरी १९९१ च्या कायद्याने ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे भाटकाराची जमीन झोन बदलून, शेतीची बांधकामाची करून, सोन्याच्या भावाने जाते आणि बाजूचा कुळ शेतकरीच राहतो. ह्या कायद्याचा हेतू शेती वाचवायचा होता आणि मी त्याच्या बाजूचाच आहे, पण नवं शहर करताना कुळाचा वाटा वेगळा लिहिला नाही तर हिशोब कुठे जाईल ते दिसतंय.

शहर झालं की तुकड्यांचं झोन बदलणं थांबेल ह्या आशेवर मात्र राहू नका. गोव्याचा २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा, म्हणजे कुठे शेती, कुठे बांधकाम ते ठरवणारा नकाशा, लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ ला रद्द करायला लावला. त्यानंतर २०२१ पर्यंतचा आराखडा करायला जो टास्क फोर्स नेमला त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते, म्हणजे नवी मुंबईची कल्पना ज्या तिघांनी मांडली त्यातलेच एक. त्यांच्या वेळी नकाशे पंचायतींकडे पाठवले होते, आम्ही गावात बसून वहाळ, झरी, देवराई खुणा करून दिल्या. एवढं काम! २०१२ ला तो आराखडा बाजूला ठेवला. मग नगरनियोजन कायद्यात झोन बदलायचं कलम १७(२) आलं, त्याचे नियम हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, त्याआधीच २०२४ ला त्याच कायद्यात कलम ३९ए आलं होतं. त्यात एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलता येतो आणि हरकतीला ३० दिवस असतात, नोटीस बघितली नाही तर संपलं. मला वाटतं शहर सरकारने करावं की नाही ह्याच्या आधी, आखलेला नकाशा पाळणार कोण हे विचारायला पाहिजे.

पेडण्यातला एक

सगळ्यांचे मनापासून आभार. मुंडकाराचा अर्ज वेगळा लागतो हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं, बाबा समजत होते एकच केस आहे. सोमवारी फाईल घेऊन जातो. सर्व्हेअर बाब, आजोबांचं नाव आहे पण आजी आणि चार आत्या हयात आहेत, तर अर्ज सगळ्यांच्या नावाने करायचा की बाबांच्या एकट्याच्या?

निवृत्त सर्व्हेअर

मुंडकाराच्या अर्जात घरात खरोखर कोण राहतं ते बघतात, कुळाच्या केसमध्ये मात्र सगळे वारस लागतात, आत्यांना वगळू नका नाहीतर पुढे तिथेच अडेल. घराचा जुना घरपट्टीचा कागद आणि वीजबिल सोबत ठेवा, आजोबांच्या काळातलं असेल तर फारच चांगलं.