आत नको, ओसरी द्या: बाणेर-बालेवाडीत कुत्र्याला घेऊन बसायचं कुठे?

टेकडीकर

आमची चिंगी सहा वर्षांची आहे. गल्लीतलीच, एका पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्याखाली कुडकुडत बसलेली सापडली. वडील गेल्यावर आई घराबाहेर पडेनाशी झाली होती, ती चिंगीमुळे पुन्हा पडायला लागली. रविवारी पहाटे मी चिंगीला घेऊन तुकाईच्या टेकडीवर जातो. उतरलो की आई खाली येते आणि तिघं कुठेतरी नाश्त्याला बसतो. हे 'कुठेतरी' शोधणं फार अवघड झालंय.

टपरीवर कुणाची हरकत नसते, पण तिथे पाठ टेकायला खुर्ची नाही आणि आईचे गुडघे गेलेले आहेत. म्हणून बालेवाडी हाय स्ट्रीट. गेल्या रविवारी तिथल्या एका कॅफेत बाहेरच्या टेबलावर बसलो. याआधी दोनदा गेलो होतो, तेव्हा वेटरनं आपणहून चिंगीसाठी पाणी आणलं होतं. या वेळी कॉफी अर्धी झाली आणि मॅनेजर आले. शेजारच्या टेबलाची तक्रार आहे, कुत्र्याला न्यावं लागेल, म्हणाले. चिंगी टेबलाखाली झोपली होती. आई एक शब्दही न बोलता कॉफी तशीच ठेवून उठली. ॲपवर त्या जागेच्या नावापुढे आजही 'पेट फ्रेंडली' लिहिलेलं आहे.

माझी मागणी मोठी नाही. जुन्या घरांत कुत्रं स्वयंपाकघरात येत नसे, पण ओसरीवर त्याची जागा ठरलेली असे. तिथून त्याला कुणी हाकलत नसे आणि तेही उंबरा ओलांडत नसे. हॉटेलांनी अशी ओसरी ठरवावी. बाहेरची दोन टेबलं पुरेत. ज्यांना द्यायची नाही त्यांनी दारावर स्पष्ट लिहावं, आम्ही पुढे जाऊ. पण आज बसा, उद्या उठा, हे मर्जीवर चालू नये.

ईशानची आई

तुमच्या आईंना अर्धी कॉफी सोडून उठावं लागलं हे वाचून वाईट वाटलं. तरीही त्या शेजारच्या टेबलावर मी असू शकले असते, म्हणून लिहिते.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याला कुत्रा चावला. भटका नव्हे, वरच्या मजल्यावरचा, पट्टा घातलेला, लसी घेतलेला. मालक "तो काही करत नाही" म्हणत होते, ते वाक्य पुरं व्हायच्या आत पोटरीत दात गेले होते. जखम साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरली. मग इंजेक्शनं: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे मला त्या महिन्यात कळलं. महिनाभर मी झोपले नाही.

आज ईशान कुत्रा दिसला की माझ्या मागे लपतो. तुमची चिंगी झोपली होती हे तुम्हाला माहीत होतं, त्याला नाही. हाय स्ट्रीट ही आमच्या भागात गाड्यांशिवाय चालता येईल अशी एकमेव जागा. तिथेही बाहेरची टेबलं कुत्र्यांची झाली तर आम्ही कुठे बसायचं?

अनुस्वार

भावना बाजूला ठेवून नियम पाहू. २०११ च्या अन्न सुरक्षेच्या परवाना नियमावलीतली चौथी अनुसूची प्रत्येक परवानाधारकाला लागू आहे. तिच्यात, कीड-उंदरांच्या बंदोबस्ताच्या भागात, साफ म्हटलंय की जनावरं, पक्षी आणि पाळीव प्राणी यांना अन्न व्यवसायाच्या जागेत येऊ देऊ नये. स्वयंपाकघर एवढाच शब्द तिथे नाही, जागा म्हटलंय. बाहेरची टेबलंही त्या जागेतच येतात असं माझं वाचन आहे. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सांगितलं. त्यावरून हॉटेललाही नाही म्हणता येत नाही असं अनेकांना वाटतं. तसं नाही. घर तुमचं आहे, हॉटेल तुमचं नाही.

दुसरं, ही 'बाहेरची टेबलं' म्हणजे नेमकं काय? पुण्यात बऱ्याच ठिकाणी ती इमारतीच्या फ्रंट मार्जिनमध्ये किंवा साइड मार्जिनमध्ये मांडलेली असतात. अग्निशमनाची गाडी यावी म्हणून सोडलेली मोकळी जागा ती. महापालिका अधूनमधून कारवाई करते, शेड उतरतात, महिन्याभरात पुन्हा लागतात. जी ओसरी तुम्ही मागताय ती अनेकदा मुळात हॉटेलची नसतेच.

पॅरामटावासी

सिडनीच्या उपनगरात बारा वर्षं आहे, म्हणून इथलं सांगतो. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात बाहेरच्या बैठकीबद्दल स्वतंत्र कलम आहे. कुत्रा पट्ट्याने बांधलेला हवा, जमिनीवर हवा (मांडीवर किंवा खुर्चीवर नाही), आणि तिथे त्याला खायला घालायचं नाही. हॉटेलवाल्याला नाही म्हणायचा हक्क आहेच. आंधळ्या माणसाचा मदतनीस कुत्रा मात्र आतही जातो, त्याला कुणी अडवू शकत नाही.

खायला न घालण्याचा नियम मला आधी फार कठोर वाटला होता. शनिवारी सकाळी फुटपाथवर सात-आठ कुत्री शेजारी-शेजारी बसलेली पाहिली आणि पटला. अन्न मध्ये आलं की शांत कुत्रंही भांडतं.

फ्रीमाँटचा मध्या

कॅलिफोर्नियात २०१५ पासून असंच. कुत्र्याने हॉटेलच्या आतून जायचं नाही, बाहेरून वेगळी वाट हवी. वाढणाऱ्याने कुत्र्याला हात लावायचा नाही. त्याचं पाणी वापरून फेकायच्या भांड्यात. शहराला हवं तर हे सगळं बंदही करता येतं. त्याआधी तिथेही कायद्याने मनाईच होती. लोकांनी मागितलं, विधिमंडळाने बदललं.

अनुस्वार

मध्या, हेच तर म्हणतोय. तिथे आधी कायदा बदलला, मग कुत्री बसली. आपल्याकडे कुत्री आधी बसली आणि कायदा तसाच आहे. उद्या कुणाला चावलं तर परवाना कुणाचा जाईल?

निळावंती

मी पशुवैद्य आहे, औंधला दवाखाना आहे. कुत्र्याच्या बाजूने कुणी बोललं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅफेत येणाऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना तिथे यायचं नसतं. हे मालकांना पटत नाही, पण मी रोज पाहते. शेपूट पायांत, कान मागे, भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं. कुत्रं या खुणांनी सांगत असतं की मला इथून ने. आपण तेव्हा फोटो काढत असतो. ईशानच्या आईने सांगितलेल्या चाव्याआधीही अशा खुणा असणार. "तो काही करत नाही" हे वाक्य मी दवाखान्यात कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही.

मग ऊन. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. फरशी हाताला चटका देते तशीच पंजालाही देते. पग, बुलडॉग यांची नाकं आखूड, त्यांना धापा टाकून अंग थंड करणं जमत नाही. दुपारी बारा वाजता पगला घेऊन बाहेरच्या टेबलावर बसणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.

आणि ताटातलं देणं. आपल्या जवळपास प्रत्येक रश्शात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मनुका मूत्रपिंडावर जातात. केकमधलं चॉकलेट, शुगरफ्री गोळ्यांतलं झायलिटॉल, तंदुरीतलं शिजलेलं हाड, सगळं वर्ज्य. सोमवारी सकाळी माझ्याकडे उलट्यांची जी गर्दी होते तिच्यात रविवारच्या जेवणाचा वाटा मोठा असतो.

तरीही मी टेकडीकरांच्या बाजूने आहे. चालून दमलेलं, ओळखीच्या माणसांच्या पायाशी सावलीत झोपलेलं कुत्रं सुखात असतं. फक्त रेबीजची लस दर वर्षी झालेली हवी, लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस) हवी, कारण तो आजार मूत्रातून पसरतो. आणि सकाळची वेळ हवी.

कॅफेवाला

बाणेरच्या एका गल्लीत माझा छोटा कॅफे आहे. नाव देत नाही, जाहिरात नको. दोन वर्षं मी कुत्र्यांना बाहेर बसू देतोय. माझी बाजू कुणी मांडत नाही, ती ऐका.

मी हो म्हणतो ते गिऱ्हाइकांसाठी, पण भार पडतो पोरांवर. माझ्याकडे चार पोरं आहेत, दोघं ओडिशाची, एक नांदेडचा, एक इथला. नांदेडच्या पोराला लहानपणी गावात कुत्र्याने फाडलंय, हाताला खूण आहे. कुत्रा बसलेल्या टेबलावर चहा न्यायला तो थरथरायचा आणि मला सांगायचा नाही, नोकरी जाईल म्हणून. हे मला तीन महिन्यांनी कळलं. आता त्याला बाहेरची टेबलं देत नाही.

एकदा एका बाईंनी आपल्या कुत्र्याला आमच्या प्लेटमध्ये ऑम्लेट चाटायला दिलं. शेजारच्याने व्हिडिओ काढला. आठवडाभर माझा धंदा अर्ध्यावर आला. प्लेट मी त्याच दिवशी फेकली होती, पण ते व्हिडिओत कुठे दिसणार?

अनुस्वार म्हणतात तो नियम मला माहीत आहे. खोटं बोलत नाही, मी डोळेझाक केली. टेबलं मात्र माझ्याच भाडेकरारातल्या ओट्यावर आहेत, मार्जिनमध्ये नाहीत.

गल्लीतली

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. पाळलेलं कुत्रं बाहेर बसलं की गल्लीतली कुत्री येतात, कारण तो भाग त्यांचा असतो. भांडण झालं की तक्रार गल्लीतल्यांचीच होते आणि पिंजऱ्याची गाडी त्यांच्यासाठी येते. मी सहा कुत्र्यांना खायला घालते. सहाही नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच असलेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यात कुठेही खायला घालायला मनाई करून त्यासाठी जागा ठरवून द्यायला सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडे चोरासारखं पाहतात. लॅब्रेडॉरला कॅफेत खुर्ची आणि दहा वर्षं त्याच कोपऱ्यावर झोपणाऱ्या म्हातारीला काठी, हे मला सहन होत नाही.

टेकडीकर, तुमची चिंगीही तिथलीच आहे. म्हणून तुम्हाला सांगते: कुठे बसाल तिथल्या गल्लीतल्या कुत्र्यांची चौकशी आधी करा. दोन रविवार लांबून ओळख करून द्या, मग बसा.

टेकडीकर

चौकशीचं पटलं. हे मला सुचलंच नव्हतं.

ईशानच्या आई, तुमचं लिहिलेलं माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग त्या दिवशी तिथे असंच एखादं पोर असेल." मला त्या टेबलाचा राग आला होता, तो गेला. पण मॅनेजरचा नाही गेला. बसतानाच नाही म्हणाले असते तर आम्ही बसलोच नसतो आणि त्या पोरालाही घाबरावं लागलं नसतं.

अनुस्वार, नियम तसा असेल तर तो बदलावा असा अर्ज करायला मी तयार आहे. पण आज शेकडो टेबलांवर जे चाललंय ते नियमाला माहीतच नाही. मनाई कागदावर आहे म्हणून पट्टा किती आखूड, लस झाली का, ताटात द्यायचं का, याबद्दल एक ओळही कुठे नाही. पॅरामटाच्या तीन अटी इथे असत्या तर ते ऑम्लेटचं झालं नसतं.

अनुस्वार

अर्जावर माझी सही घ्या. बदल होईपर्यंत मात्र बसू नका, या मतावर मी ठाम आहे. ज्या नियमाचा आपल्याला त्रास होतो तो मोडायचा आणि दुसऱ्याने सिग्नल तोडला की ओरडायचं, हे जमणार नाही.

ईशानची आई

मला सरसकट बंदी नको आहे. मला आधी कळायला हवं. गाडी लावून, मुलाला उतरवून, आइस्क्रीम कबूल करून दारात पोचल्यावर कुत्रा दिसला की परत फिरताना जी रडारड होते ती तुम्ही पाहिलेली नाही. वेळ वाटून घेता येणार नाही का? डॉक्टरही सकाळ म्हणताहेत. आम्ही संध्याकाळी येतो.

कॅफेवाला

येत्या आठवड्यात अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन ओट्यावरच्या टेबलांचं लेखी विचारतो. नाही म्हणाले तर मी बंद करेन आणि इथे येऊन तसं सांगेन. चालेल म्हणाले तर पाटी लावेन. मजकूर असा ठरवलाय:

'ओट्यावरच्या दोन टेबलांशी सकाळी ७ ते १० कुत्री असतात. पट्टा आखूड ठेवावा. कुत्र्याला जमिनीवर बसवावे. आमच्या ताटात खायला घालू नये. कुत्रा आत आणू नये.'

काही राहिलं का?

ईशानची आई

'१० नंतर कुत्री नसतात' हे वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पाटी दारावर नको, जिथे गाड्या लावतो तिथून दिसेल अशी लावा.

निळावंती

वर्षाच्या लसीचं कार्ड मागा. फोनमधला फोटो चालेल.