पास तुम्ही दिलात, मग नुकसान एकट्या मित्राचं कसं?

चौथी सीट

काल इथे एकाने ‘मित्राने माझा पास घालवला’ म्हणून भलंमोठं रडगाणं गायलं. तिथेच लिहिणार होतो, पण खाली एकजात सगळे ‘असले मित्र तोडून टाका’ म्हणत माना डोलावताना बघून टाळकं सटकलं. म्हणून वेगळा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: डोंबिवली–सीएसएमटी, पहिला वर्ग, तिमाही पास. साहेबांचं त्या आठवड्यात घरूनच काम. मित्राची नरिमन पॉइंटला मुलाखत. दुसऱ्या वर्गात इस्त्रीची वाट लागते म्हणून त्याने एका दिवसासाठी पास मागितला. यांनी दिला. नुसता पास नाही, स्वतःच्या फोटोचं ओळखपत्रही दिलं! सीएसएमटीला टीसीने थांबवलं, फोटो बघितला, तोंड बघितलं, पास काढून घेतला. मित्राने भाडं आणि दंड भरला. पासाचे ५६ दिवस शिल्लक होते. मित्र म्हणतो, मी दंड भरला, विषय संपला. हे म्हणतात, ५६ दिवसांचे पैसे टाक.

का टाकावेत? पास म्हणजे तुमची सायकल नाही, एक चक्कर मारून ये म्हणायला. त्यावर तुमचं नाव आहे, वय आहे, ओळखपत्राचा नंबर आहे. आणि कायद्याचंच म्हणाल तर रेल्वे कायदा १९८९, कलम १४२ वाचा. दुसऱ्याने प्रवास करावा म्हणून जो आपला पास देतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय पास जप्त. घेणाऱ्याला विनातिकीट धरतात: भाडं, वर तेवढाच दंड, तो किमान २५०. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांत मोठा गुन्हेगार कोण? जो काल इथे अश्रू ढाळत होता तो!

मित्राने त्याच्या वाटचं भरलं. यांनी यांच्या वाटचं भरावं आणि गप्प बसावं.

बदलापूरची सून

कलमं ठेवा बाजूला. मागून नेलेली वस्तू आपल्या हातून गेली तर आपण भरून देतो, हे घरात शिकवतात, त्याला वकील लागत नाही.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शेजारच्या काकूंची काळी चंद्रकळा नेसायला नेली होती. हळदीकुंकवात कोणाच्या तरी पोराने तिळाच्या गरम पाकाचा चमचा पदरावर टेकवला. नखाएवढं भोक. काकू ‘राहू दे गं’ म्हणाल्या. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मला कल्याणला नेऊन नवीन साडी घेतली आणि काकूंच्या दारात उभं केलं. माझा पहिला पगार त्यात गेला. काकूंनी मुळात दिलीच का, असं मनातही आलं नाही.

चौथी सीट

साडीवर काकूंचा फोटो होता का? आणि ‘ही साडी अन्य कोणी नेसल्यास जप्त’ असं काठावर विणलं होतं?

बदलापूरची सून

वाटलंच होतं. उत्तर नसलं की विनोद.

खडूस आजोबा

धागाकर्त्यांनी कायदा अर्धाच वाचलेला दिसतो. फसवणुकीच्या हेतूने प्रवास करणाऱ्यास कलम १३७ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड. दुसऱ्याचा फोटो खिशात घालून फिरणे यात हेतू स्वच्छ दिसतो. तेव्हा घेणारा लहान गुन्हेगार वगैरे काही नाही.

बाकी सांगायचे तर आमच्या वेळीही हे चालायचे. माझा पास मी एकदा कचेरीतल्या एका नवीन मुलास दिला होता. पासावर वय ४४, मुलगा २३ चा. टीसीने शांतपणे विचारले, ‘वय काय तुमचं?’ मुलगा म्हणाला, ‘चव्वेचाळीस.’ आजूबाजूचे हसू लागले, टीसीही हसला, आणि पास घेऊन गेला. मी त्या मुलाकडे एक पैसा मागितला नाही. दिला तेव्हाच तो गेला असे धरायचे असते. मात्र तो मुलगा पगाराच्या दिवशी स्वतःहून पाकीट घेऊन आला. मी अर्धे घेतले, अर्धे परत केले.

चौथी सीट

१३७ चं मान्य. कोर्टात उभं केलं तर. इथे टीसीने पावती फाडून सोडलं, त्यामुळे तुमचं कलम यंदा सुट्टीवर.

हिशेबात चोख

मला मुळात यात गुन्हा काय ते कळत नाही. ९० दिवसांचे पैसे आगाऊ मोजलेत. हल्ली ऑफिस आठवड्यातून तीन दिवस. उरलेले दिवस पास कपाटात झोपलेला. त्या दिवशी माझ्याऐवजी दुसरा उभा राहिला तर रेल्वेचं काय गेलं? डब्यात माणूस एकच. उलट न वापरलेल्या दिवसांचा छदाम परत मिळत नाही. लुटतंय कोण कोणाला?

खडूस आजोबा

अहो चोख, मासिक पास एवढा स्वस्त का असतो याचा हिशेब केला आहे का? उपनगरी दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. आठ दिवस गेलात-आलात की वसूल. तिमाहीला तीन महिन्यांचे पैसेही घेत नाहीत, २.७ पट घेतात. जून २०१४ मध्ये १५ ऐवजी ३० फेऱ्यांचे पैसे लावायचे जाहीर झाले, तेव्हा केवढी बोंब झाली आठवते? चार-पाच दिवसांत मागे घ्यावे लागले. ही सवलत रोज मरमर करणाऱ्या एका माणसाला आहे. आज मी, उद्या मेहुणा, परवा शेजारी असे सुरू झाले तर सवलत कशाला ठेवतील?

हिशेबात चोख

आठ दिवसांत वसूल हे बरोबर आहे. चला, तेवढं दिलं तुम्हाला. पण हे पहिल्या वर्गाला सांगू नका, तिथे आकडा बघूनच घाम येतो.

कोपरातली खिडकी

मला एकच कळत नाही. पहिल्या वर्गाचं सुटं तिकीट मे २०२२ मध्ये निम्म्यावर आणलं. मुलाखतीला जाणाऱ्या माणसाला एक दिवसाचं तिकीट काढायला काय धाड भरली होती? आणि पास देणाऱ्याला ‘चल, तिकीट मी काढतो’ म्हणायला काय झालं होतं? दोघांनी मिळून शेदीडशे वाचवायला हजारोंचा पास घालवला, आणि आता आपण पंच.

विरार रिटर्न

मी वेगळंच विचारतो. हे जे चौथी सीट साहेब नाव, वय, फोटो आणि कलमं सांगतायत, ते स्वतः कुठे राहतात आणि सकाळी कुठून बसून येतात?

चौथी सीट

डोंबिवली. त्याचा इथे संबंध?

विरार रिटर्न

संबंध आहे. मागे आपणच इथे लिहिलं होतंत की ‘सीट मिळावी म्हणून उलटं कल्याणला डाउन जाऊन त्याच गाडीने रिटर्न आलो की ठाण्यापर्यंत पेपर वाचून होतो’. पास कुठपर्यंतचा आहे? डोंबिवलीचा की कल्याणचा?

हिशेबात चोख

अरे देवा. 😂

चौथी सीट

डोंबिवलीचा. पण दोन स्टेशनांचा प्रश्न आहे, आणि मी माझ्याच पासावर जातो, दुसऱ्याच्या नाही.

बदलापूरची सून

दोन स्टेशनांचा प्रश्न?? आता बोलतेच.

मी रोज सकाळी बदलापूरला उभी असते. गाडी इथूनच सुटते, म्हणजे रिकामी मिळायला हवी ना? गाडी फलाटावर शिरतानाच आतून माणसं बसलेली. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. उलट्या दिशेने येऊन खिडकीत टेकलेल्या. कोणी बाजूच्या सीटवर ओढणी टाकलेली, कोणी डबा ठेवलेला, ‘आमची मैत्रीण येतेय’. त्यांच्या मैत्रिणी ज्या स्टेशनात चढणार ते अजून मागे राहिलंय! आणि ज्यांचं गाव आहे त्या आम्ही सव्वा तास दांडीला. गेल्या महिन्यात मी ओढणी उचलून बसले तर चौघींनी मिळून मला ठाण्यापर्यंत ऐकवलं. सातवा महिना असलेली बाई शेजारी उभी होती, तिला जागा देताना मात्र सगळ्यांना एकदम झोप लागली.

आणि हे म्हणे दोन स्टेशनांचा प्रश्न.

विरार रिटर्न

आमच्याकडे याहून वाईट. नालासोपारा, वसईचे विरारला येऊन बसतात आणि विरारवाले त्यांना उठवतात, मारामाऱ्या होतात. मी नालासोपाऱ्याचा आहे, नाव उगाच घेतलेलं नाही. पण मी विरारपर्यंतचा पास काढतो. माझ्यापुरता मी कायदेशीर आहे.

बदलापूरची सून

कायदेशीर असाल. पण विरारच्या म्हाताऱ्याची सीट तुमच्या बुडाखाली आहे ती आहेच. पास लांबचा काढला म्हणून ती तुमची होते?

विरार रिटर्न

हो, होते. भाडं भरलंय. जो आधी चढला तो बसला. स्टेशनावर सातबारा नाहीये कोणाचा.

बदलापूरची सून

मग तुमच्यात आणि चौथी सीटमध्ये फरक काय, एवढंच ना की तुम्ही पाच-पन्नास रुपये जास्त भरून तेच करता?

चौथी सीट

माझ्याविरुद्ध बोलता बोलता या दोघांचं जुंपलेलं बघून बरं वाटलं. पण कोणीतरी मूळ विषयावर या.

खडूस आजोबा

मूळ विषय हाच आहे. तुम्ही डोंबिवलीचा पास घेऊन कल्याणपर्यंत जाता, म्हणजे तेवढ्या अंतरात विनातिकीट. तुमचा मित्र संपूर्ण अंतरात विनातिकीट होता. फरक किलोमीटरचा आहे. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या असताना हे सुचते, याचे विशेष वाटते.

चौथी सीट

डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत चढून दाखवा एकदा, मग विशेष वाटून घ्या. आणि तो माझा मित्र नाही. मी दोघांनाही ओळखत नाही.

ठीक आहे. कल्याणचं चुकतं माझं. समाधान झालं? पुढच्या महिन्यात कल्याणचा पास काढीन आणि मग इथल्या थोर नागरिकांच्या परवानगीने बसेन.

बदलापूरची सून

तुम्हाला एक सांगते, मी काही फार सोवळी नाही. जून २०२० ला लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. माझी नणंद नर्स. माझी नोकरी खाजगी, ऑफिस म्हणालं या नाहीतर घरी बसा. एसटीने आणि बसने जाताना अडीच तास, येताना तीन. दोन महिने काढले. मग एक दिवस नणंदेच्या सुट्टीच्या दिवशी तिचं कार्ड घेऊन चढले. मास्क होता, चेहरा कोण बघतं. कार्ड पदराखाली धरून घाटकोपरपर्यंत घामाने भिजले. कोणी विचारलं नाही. पण घरी आल्यावर नणंदेने कार्ड मागून घेतलं आणि म्हणाली, ‘वहिनी, आज तू धरली गेली असतीस तर उद्यापासून माझी ड्युटी गेली असती.’ हे मला चढताना सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं धोका फक्त माझा आहे.

म्हणून म्हणते, घेणाऱ्याने भरावं. देणाऱ्याचं काय पणाला लागलंय ते घेणाऱ्याला दिसत नाही.

चौथी सीट

यावर मला चटकन उत्तर सुचत नाहीये. तरी तुमच्या नणंदेने कार्ड दिलं कशाला, हा माझा प्रश्न आहेच. फक्त जरा हळू विचारतो.

पासवाला

मी तोच, ज्याचा पास गेला. दोन दिवस वाचतोय. मला गुन्हेगार ठरवून झालं असेल तर थोडं बोलतो.

पास एका प्लास्टिकच्या पाकिटात होता, त्यात ओळखपत्र आणि मागे स्वामींचा छोटा फोटो. ओळखपत्रावरचा माझा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, मिशीवाला. मित्र म्हणाला, ‘यात तू पण तुझ्यासारखा दिसत नाहीस, चालून जाईल.’ आम्ही दोघंही हसलो. तेव्हा चूक माझी आहेच, नाही म्हणत नाही. पण त्याने परत आल्यावर साधं ‘सॉरी’ म्हणायला चार दिवस घेतले, राग त्याचा आहे.

खडूस आजोबा

टीसीने त्याला विचारले नाही का, पास कोणाचा म्हणून? पासावर तर तुमचे नाव होते. तुमच्यापर्यंत कोणी आले कसे नाही?

पासवाला

विचारलं. तो म्हणाला, पाकीट सापडलं.

कोपरातली खिडकी

थांबा. म्हणजे ‘मित्राने दिला’ असं त्याने सांगितलं असतं तर तुम्ही १४२ मध्ये. त्याऐवजी त्याने सापडलेला पास वापरला असं कबूल केलं, म्हणजे स्वतःची मान १३७ खाली दिली. आणि हे कालच्या रडगाण्यात एका ओळीनेही नव्हतं?

पासवाला

तेव्हा मला कलमं माहीत नव्हती. मला वाटलं खोटं बोलून आणखी घोळ घातला.

हिशेबात चोख

आता ५६ दिवसांचा हिशेब परत मांडा. माझ्या मते तुम्हीच त्याला दंडाचे अर्धे पैसे देणं लागता.

पासवाला

अर्धे वगैरे काही नाही. पासाचे मागणार नाही, दंडाचे देणार नाही. बरोबरी.

बदलापूरची सून

नोकरी मिळाली का त्याला, ते सांगा.

पासवाला

मिळाली. सोमवारपासून जायचंय. स्वतःचा पास काढलाय त्याने, दुसऱ्या वर्गाचा.

चौथी सीट

कुठून कुठपर्यंत?

पासवाला

कल्याण. डोंबिवलीलाच राहतो, पण म्हणाला रिटर्न येईन, बसायला मिळतं.

बदलापूरची सून

लेडीजमध्ये येत नाही ना, तेवढंच नशीब.