सारा हे नाव 'आपल्यातलं' नाही म्हणजे काय?

अलिबागची_आत्या
भावाच्या मुलीचं बारसं तोंडावर आलंय. नाव ठरलंय सारा. कानात कुर्र मीच करणार, पण थोरले काका अडून बसलेत: "परक्यांचं नाव, आपल्यात शोभत नाही."

मला हे मुळीच पटत नाही. आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, शेकडो वर्षं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. किहीमकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं. 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, तरी अलिबागचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ, अजून उभं आहे. बायबलमधली अब्राहमची बायको सारा, तीच मुसलमानांची हजरत सारा. आपल्याच किनाऱ्यावर ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान अशा तिन्ही धर्मांच्या घरांत ऐकू येणारं नाव परकं कसं?

खाडीकाठ
ताई, इतिहास बरोबर आहे. पण वहिनींना हे नाव सिनेगॉगवरून सुचलं का? 'दोन अक्षरी, परदेशात उच्चारायला सोपं', आजकाल निवड याच्यावर होते. बालवाडीचा पट बघा: मायरा, कियारा, आन्या, सारा. भागीरथी, द्वारका, गोदावरी गेल्या कुठे?

माझ्या आजीचं माहेरचं नाव यमुना. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने 'जानकी' लिहिलं आणि यमुना संपली. रेशनकार्ड, सातबारा, सगळीकडे जानकी. पणतीला यमुना ठेवू म्हटलं, तर सगळ्यांनी "जुनाट वाटतं" म्हणून उडवून लावलं. काकांचं कारण चुकीचं असेल, पण त्यांची हळहळ खोटी नाही.

खेडची_सारा
माझं स्वतःचंच नाव सारा, म्हणून लिहिते. कुवेतला दुकानदार माझं नाव ऐकून थेट अरबीत सुरू व्हायचे. लंडनच्या ऑफिसात कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मुंबईत भाड्याची जागा बघताना फोनवर "सारा का? या की संध्याकाळी" म्हणाले. संध्याकाळी आडनाव सांगितलं आणि जागा 'कालच गेली' होती. काका, नाव कुणाला परकं वाटत नाही हो, आडनाव वाटतं.

खाडीकाठदादा, तुमच्या आजीचं वाचून वाईट वाटलं. बायबलमधली साराही आधी साराय होती, तिचंही नाव उतारवयात बदललं. आमच्या कुराणात ती येते ती इब्राहिमची पत्नी म्हणून, नावाने नाही.

दर्यावर्दी
सगळीकडे चालतं म्हणून निर्धास्त राहू नका. 17 ऑगस्ट 1938 च्या फर्मानाने नाझी जर्मनीत, ज्यांच्या नावावरून ज्यू असल्याचं कळत नाही अशा ज्यू बायकांना 'सारा' हे जादा नाव सक्तीने लावायला सांगितलं. पुरुषांना 'इस्रायल'. 1 जानेवारी 1939 पासून अंमल. नावावरून माणूस हेरता येतो, हे काकांना कळतंय. त्यांना अडाणी ठरवू नका.

अलिबागची_आत्या
दर्यावर्दी, अडाणी मी म्हटलेलंच नाही. पण तुमच्या उदाहरणातून मला उलटंच दिसतं. तिथे नाव सरकारने लादलं, इथे आईबाप हौसेने ठेवतायत. त्या छळानंतरही हे नाव कुणी टाकलं नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत ते मुलींच्या पहिल्या दहा नावांत होतं, आणि ठेवणारे सगळे ज्यू नव्हते.

कोळीवाडा
एक भर घालतो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंत-मारी-द-ला-मेर गावात रोमा (जिप्सी) लोक दरवर्षी 24 मे रोजी त्यांच्या संत 'काळी सारा'ची मूर्ती वाजतगाजत समुद्रात नेतात. रोमांचे पूर्वज भारतातूनच गेलेले. आम्ही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो, त्यामुळे मला तरी ही सारा लांबची वाटत नाही.

खाडीकाठ
सारा ठेवायला माझी ना नाही. पण मग यमुनेलाही 'जुनाट' म्हणू नका. पाळण्यात दोन नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच की.

अलिबागची_आत्या
दुसरं नाव पाळण्यातच राहतं दादा, हाक कुणीच मारत नाही. तशी यमुना मला नको. ठेवायची तर पूर्ण मानाने ठेवा, तुमच्या घरात, आणि अडून बसा काकांसारखे.

आमची साराच.

खेडची_सारा
ताई, स्पेलिंग आधी ठरवा. माझ्या पासपोर्टवर शेवटी 'एच' आहे, दहावीच्या सर्टिफिकेटवर नाही. व्हिसाच्या वेळी अ‍ॅफिडेव्हिट करत बसले होते. जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच आधारवर, तेच शाळेत.