मदत हवी आहे: आर (R) या सांख्यिकी भाषेत फॉर्म्युला फंक्शनला दिला की भार (weights) सापडत नाहीत

रावेर-यावलच्या केळीबागांचा डेटा आहे. फॉर्म्युला ‘घड ~ .’, म्हणजे घडाचं सरासरी वजन एकीकडे, उरलेले सगळे रकाने दुसरीकडे. प्रत्येक बागेत मोजलेली झाडं कमीजास्त, त्यामुळे भार, म्हणजे कोणत्या बागेला किती वजन द्यायचं ते आकडे, द्यावेच लागतात.

फॉर्म्युला, डेटा आणि भार घेणाऱ्या माझ्या फंक्शनच्या आत एलएम (lm, रेषीय मॉडेल बसवणारं फंक्शन) चालवलं की ‘ऑब्जेक्ट सापडला नाही’. कारण कळलंय: भार आधी डेटात, मग फॉर्म्युला जिथे तयार झाला त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं आणि त्यांच्या किमती जिथे असतात ती जागा) शोधले जातात. बाहेर त्याच नावाचा, तेवढ्याच लांबीचा जुना व्हेक्टर असेल तर एररही येत नाही, तोच वापरला जातो. हे जास्त घातक.

भार डेटातच रकाना म्हणून घातले, तर टिंबामुळे तेही मॉडेलमध्ये शिरले. फॉर्म्युलाचं एन्व्हायर्नमेंट आत बदललं. मॉडेल बसलं, पण बाहेरून अपडेट (update, तेच मॉडेल बदल करून पुन्हा बसवणं) केलं की डेटाचं आतलं नाव सापडत नाही. डू-कॉलने (do.call, फंक्शनला सगळे इनपुट यादीतून देणं) सगळं चालतं, फक्त समरीत कॉलच्या, म्हणजे मॉडेल बसवणाऱ्या आज्ञेच्या जागी अख्खा डेटा छापला जातो.

जादा पॅकेज टाकता येत नाही, बेस आरच आहे. कॉल आटोपशीर राहील, भार आतलेच लागतील आणि बाहेरून अपडेटही चालेल, असा फॉर्म्युला फंक्शनला कसा द्यायचा?