मदत हवी आहे: रविवारी फुल मॅरेथॉन, जुने शूज की नवीन?

पळपुटा_पाषाण
रविवारी पहिली फुल आहे. प्रश्न साधा आहे, जुने शूज घालू की नवीन? जुन्यांचा सोल बाहेरच्या कडेने साफ गेलाय. नवीन कालच आणलेत पण तेच मॉडेल मिळालं नाही, दुकानदार म्हणाला हे अजून मऊ आहेत, घ्या बिनधास्त. बुधवारी रजा टाकलीये तर नवीन घालून ३०-३२ किलोमीटर मारून बघावे का म्हणजे एकदाचं कळेल? जरा लवकर सांगा. आणि "कशाला पळायचं, चाला की" वाले सल्ले नकोत, ते घरी फुकट मिळतायत.

कोथरूडचं_कासव
कुठली मॅरेथॉन? जुने शूज किती पळवलेत? सगळ्यात मोठा रन किती झालाय? काहीच लिहिलं नाहीस आणि घाई मात्र आम्हाला.

पळपुटा_पाषाण
मुंबईच की हो, जानेवारीचा तिसरा रविवार, अजून कुठली असणार! मोठा रन २८ झालाय, पाषाण ते खडकी आणि परत असं फिरून फिरून. शूजचं सांगा ना.

वेताळ_टेकडी_फॅन
बुधवारी ३२?? वेड लागलंय का. चार दिवसांवर शर्यत असताना ३२ मारलेस तर रविवारी पाय उरतील का? आता जो काय स्टॅमिना झालाय तो झाला, या आठवड्यात वाढणार काही नाही, घालवता मात्र येतो. ५-६ किलोमीटर निवांत पळ, मध्ये दोन-तीन मिनिटं रेसच्या पेसने (वेगाने), बास. आणि पुढच्या वर्षी रस्त्यावर पळूच नको, टेकडीवर ये. मी वेताळ टेकडी सोडून कुठेच पळत नाही, गुडघे एकदम फर्स्ट क्लास.

कोथरूडचं_कासव
टेकडीची जाहिरात परत सुरू. त्याला ४२ किलोमीटर डांबरावरच पळायचंय.

सुमेधा_प
पळपुटा, सोल बाहेरच्या कडेने गेलाय म्हणतोस, कुठे दुखतंय का?

पळपुटा_पाषाण
गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं. दहा-बारा किलोमीटरनंतर चालू होतं, जिना उतरताना जास्त. पण ते शूजमुळेच असणार, तो विषय नाहीये.

सुमेधा_प
अरे तोच विषय आहे! आधी सांगायचं ना. बाहेरच्या बाजूने आणि उतरताना म्हणजे आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा) असू शकतो, इथे बसून कोणी सांगू शकणार नाही, उद्याच फिजिओला दाखव. नवीन शूज आज-उद्या घरात आणि पाच किलोमीटरला घालून बघ. कुठे घासत नसतील, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असेल तर तेच घाल, नाहीतर जुने. आणि लंगडावं लागलं तर तिथेच थांबायचं, मेडलसाठी सहा महिने घरी बसू नकोस.

अण्णा_सदाशिव
मी २००४ च्या पहिल्या मुंबई मॅरेथॉनला होतो, तेव्हा ती फेब्रुवारीत झाली होती. साधे कॅनव्हासचे बूट होते, काही झालं नाही. तुम्ही लोक शूजचं फार कौतुक करता. सुरू व्हायच्या आधी एक पेनकिलर घ्या आणि पळा. मी पळालो तेव्हा पेडर रोडचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास यायचा, खरी परीक्षा तिथे, शूज वगैरे तोवर आठवतही नाहीत.

सुमेधा_प
अण्णा, कॅनव्हासचं सोडा पण पेनकिलरचं प्लीज सांगू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या घेऊन चार-पाच तास घाम गाळला की किडनीवर ताण येतो, वर दुखणं झाकलं जातं ते वेगळंच.

अण्णा_सदाशिव
माझ्या किडन्या ठणठणीत आहेत.

बाणेर_ते_बालेवाडी
बिब (छातीवर लावायचा नंबर) आणलंस का रे?

पळपुटा_पाषाण
शनिवारी रात्री एकला गाडी काढतोय, एक्सप्रेसवेने चारपर्यंत सीएसएमटी. बिब तिथेच घेईन.

बाणेर_ते_बालेवाडी
थांब थांब थांब. रेसच्या दिवशी बिब मिळत नाही!! बीकेसीच्या एक्स्पोत (मॅरेथॉनच्या आधीच्या प्रदर्शनात) जाऊन आधीच घ्यावं लागतं, शनिवारपर्यंतच. ओळखपत्र आणि कन्फर्मेशनचा मेल घेऊन जा, वेळा मेलमध्ये बघ. आणि रात्रभर गाडी चालवून ४२ पळणार होतास? शनिवारी सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन पकड, दादरला उतर, बिब घे आणि फोर्टात कुठेतरी झोप. एक्स्पोत तास-दीड तासापेक्षा जास्त फिरू नकोस, पाय तिथेच संपतात.

पळपुटा_पाषाण
च्यायला. बरं झालं बोललात, शनिवारचं ऑफिस मॅनेज करतो. खायचं काय मग? मधे संक्रांत आलीये, आई ऐकणार नाही.

खवय्या_नारायणपेठ
अरे संक्रांत म्हणजे आयतं कार्ब लोडिंग! गुळाच्या पोळ्या हाण. शेवटचे दोन दिवस वजनाच्या किलोमागे ८-१० ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५०० च्या आसपास. वरण-भात, पोहे, बटाटा, केळी. पोळीवर तूप जरा कमी घे, फॅटने पोट भरून जातं. भोगीची भाजी-भाकरी मंगळवारी खाऊन घे, शुक्रवार-शनिवारी पावटा, हरभरा, बाजरी अजिबात नको, नाहीतर सी लिंकवर शौचालय शोधत बसशील.

वेताळ_टेकडी_फॅन
साखर कशाला, मी तर दोन वर्षं भात बंद केलाय, एकदम हलकं वाटतं.

खवय्या_नारायणपेठ
तू टेकडीवर तासभर पळतोस. त्याला पाच तास पळायचंय.

कोथरूडचं_कासव
महत्त्वाचं राहिलंच. सध्या आपल्याकडे पहाटे कडाक्याची थंडी आणि कोरडी हवा, आपण सगळे त्यातच पळालोय. मुंबईत दमट असतं, घाम अंगावरच राहतो, त्यामुळे पाषाणचा पेस तिथे चालत नाही. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू जा, लोक पुढे गेले तर जाऊ देत. नुसतं पाणी ढोसू नकोस, रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते धोक्याचं आहे, तहान लागेल तसं पी आणि मधे ओआरएस. टेट्रापॅकमधलं गोड सरबत नाही, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं. जेल (पळताना खायची कर्बोदकांची पाकिटं) वापरत असशील तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पण लाँग रनला खाल्लंय तेच, एक्स्पोत फुकट मिळालेलं नाही. नखं शुक्रवारीच काप. मांड्यांना, काखेत आणि पुरुषांनी छातीला व्हॅसलिन, याला लाजू नये, बनियनवर रक्ताचे डाग घेऊन आलेले लोक बघितलेत मी.

अण्णा_सदाशिव
४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकपासून आला, हे किती जणांना माहीत आहे?

बाणेर_ते_बालेवाडी
अण्णा, त्याने विचारलं नव्हतं.

पळपुटा_पाषाण
फिजिओची उद्या संध्याकाळची वेळ मिळाली. नवीन शूज घालून आत्ता चार किलोमीटर जाऊन आलो, डाव्या टाचेला थोडं घासलं, मोजे बदलून परत बघतो. डेक्कन क्वीनचं वेटिंग दाखवतंय, शिवनेरी बघू का?

खवय्या_नारायणपेठ
शिवनेरी दादरला सोडते, चालेल. पण क्वीनला डायनिंग कार आहे राव, मिळाली तर सोडू नकोस. कटलेट मात्र परतीच्या गाडीत खा.

वेताळ_टेकडी_फॅन
डायनिंग कारचं कटलेट ओव्हररेटेड आहे.

खवय्या_नारायणपेठ
भात सोडलेल्या माणसाने कटलेटवर बोलू नये.

नवी_धावपटू_हडपसर
माझी त्याच दिवशी हाफ आहे, बिब मला पण बीकेसीलाच जाऊन घ्यावं लागेल का? आणि माझ्या नवऱ्याचं पण मी घेतलं तर चालेल का?