युरोपातल्या परिषदेत पहिलाच निबंध वाचायचा आहे, तयारी कशी करू?

मृणाल_रावपुरा

नमस्कार. मी बडोद्यात संस्कृतमध्ये पीएचडी करते आहे. विषय आहे सुंदरकांडाच्या पोथ्यांमधले प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसवलेले, श्लोक. सप्टेंबरमध्ये युरोपात भारतविद्येची एक मोठी परिषद भरते आहे, तिथे माझा गोषवारा स्वीकारला गेलाय. वीस मिनिटं मिळणार आहेत, पंधरा वाचनाला आणि पाच प्रश्नांना.

मी देशाबाहेर कधी गेलेले नाही. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजीत बोलताना वाक्य मध्येच अडतं. निबंध चाळीस पानांचा झालाय, त्यातलं काय ठेवू आणि काय गाळू ते कळत नाही. व्हिसा आणि पैशांबद्दलही कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

सुधा_दांडियाबाजार

मृणाल, मनापासून अभिनंदन. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, आणि २०१५ मध्ये बँकॉकच्या विश्व संस्कृत परिषदेत निबंध वाचला. त्या अनुभवावरून सांगते.

चाळीस पानं घरी ठेव. एकच प्रक्षेप निवड, ज्याच्याबद्दल तुला खात्रीने काही म्हणायचं आहे असा. तो कुठल्या पोथ्यांत आहे, कुठल्यांत नाही, आणि तो तिथे का आला असावा, एवढंच मांड. गोषवाऱ्यात पाच गोष्टींचं वचन दिलं असशील तर उरलेल्या चार एका वाक्यात सांगून पुढे जा. श्रोत्यांनी सकाळपासून अनेक निबंध ऐकलेले असतात. एक श्लोक नीट उलगडलेला त्यांच्या लक्षात राहतो, सगळ्या प्रबंधाचा आढावा राहत नाही.

पंधरा मिनिटांत इंग्रजीचे अठराशे शब्द कसेबसे बसतात. तुला श्लोकही म्हणायचे आहेत, म्हणून पंधराशेच लिही. बत्तीस अक्षरांचा अनुष्टुभ शांतपणे म्हटला तर दहा-बारा सेकंद घेतो, आणि सर्गाच्या शेवटची मोठी वृत्तं त्याहून जास्त. हे घड्याळ लावून मोज. श्लोक घाईने उरकू नकोस. तुझे उच्चार हे तुझं बळ आहे, तिथल्या कितीतरी अभ्यासकांनी संस्कृत फक्त डोळ्यांनी वाचलेलं असतं. इंग्रजीसाठी सुरुवातीची आणि शेवटची चार वाक्यं तोंडपाठ कर. मधली वाक्यं छोटी ठेव.

आता महत्त्वाचं. तू बडोद्याहून जाते आहेस, हे त्या सभागृहात सगळ्यांना अर्थपूर्ण असेल. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, १९६० ते १९७५ या काळात निघाली. बालकांड जी. एच. भट्टांनी संपादलं, तुझं सुंदरकांड जी. सी. झाला यांनी, १९६६ मध्ये. प्रिन्स्टनहून १९८४ ते २०१७ मध्ये सात खंडांत आलेलं इंग्रजी भाषांतर याच आवृत्तीवरून झालं. म्हणजे समोर बसलेल्यांच्या तळटीपांत आपल्या गावाचं नाव वर्षानुवर्षं आहे. पण म्हणूनच एक प्रश्न तुला नक्की विचारतील: यातल्या पोथ्या तू स्वतः पाहिल्यास, की छापील आवृत्तीत टिपलेल्या पाठभेदांवरून, म्हणजे पोथ्यापोथ्यांतल्या शब्दांच्या फरकांवरून, बोलते आहेस? याचं उत्तर आधीच तयार ठेव आणि अगदी खरं दे. ज्या पाहिल्या त्यांचे क्रमांक सांग, ज्या पाहिल्या नाहीत त्या छापील टिपांवरून घेतल्या असं स्पष्ट म्हण. त्या आवृत्तीने मूळ पाठातून वगळून तळटिपांत दिलेल्या तारांकित ओळी आणि तसेच वगळलेले परिशिष्टातले लांब उतारे यांतला फरकही दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, कारण दुसऱ्या शाखांतले लोकही ऐकायला बसतात.

पोथीच्या पानाचा फोटो दाखवणार असशील तर ज्या संस्थेची पोथी आहे तिची लेखी परवानगी आत्ताच माग, आणि फोटोखाली पोथीचा क्रमांक घाल. ते पत्र हातात यायला वेळ लागतो. स्लाइड पीडीएफ करून ने. परक्या संगणकावर देवनागरीची जोडाक्षरं फुटतात, रोमन लिप्यंतराच्या रेघा आणि टिंबं गायब होतात. शिवाय एका पानाचा छापील कागद वाट, त्यावर श्लोक आणि पाठभेद. आपल्या विषयात लोक कागदावर पेन्सिलने खुणा करत ऐकतात.

आणि तिथे पोहोचण्याआधी, ज्यांचे लेख तू खरोखर वाचलेत अशा दोघा-तिघांना चार ओळींची मेल कर. अमुक लेखातल्या अमुक मुद्द्याबद्दल चहाच्या वेळी पाच मिनिटं बोलायचं आहे, एवढंच लिही. मोठ्या परिषदेत एकाच वेळी सहा-सहा सत्रं चालतात, तिथे योगायोगाने कुणी भेटत नाही.

कारेलीबाग_निखिल

व्हिसाचं मी सांगतो. देश शेंगेनमधला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला, असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शेवटपर्यंत थांबू नका, निर्णयाला सहसा पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आयोजकांकडून तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच नाव असलेलं निमंत्रणपत्र मागवा. विद्यापीठाचं ना-हरकत पत्र, बँकेचे उतारे आणि राहण्याचं बुकिंग जोडा. परिषद ब्रिटनमध्ये असेल तर शेंगेनचे हे नियम लागू नाहीत, तिथला व्हिसा वेगळा.

पैशांचं: नोंदणी शुल्कात विद्यार्थ्यांना सवलत असते, आणि आयोजकांना विचारलं तर कधी कधी शुल्क माफही होतं. विद्यापीठाकडून प्रवासखर्च मागणार असाल तर मंजुरी निघण्याआधी तिकीट काढू नका. बोर्डिंग पास जपून ठेवा, बिलाला तेच जोडायला लागतात.

मृणाल_रावपुरा

सुधाताई, निखिलदादा, खूप आभार. पोथ्यांचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं आत्ताच कळलं. मी तीन पोथ्या स्वतः पाहिल्यात, बाकीचं छापील टिपांवरून आहे. एक शंका: कागदावर श्लोक देवनागरीत देऊ की रोमनमध्ये?

सुधा_दांडियाबाजार

दोन्हींत दे. वर देवनागरी, खाली रोमन, आणि पाठभेद फक्त रोमनमध्ये, म्हणजे जागा पुरेल. इंग्रजी अर्थ एका ओळीत. तीन पोथ्या पुरेशा आहेत, त्यांच्याच आधारे बोल. निबंध पंधराशे शब्दांवर आला की रविवारी सकाळी घरी ये, मी घड्याळ लावून ऐकते.