मदत हवी आहे: जेलीफिनवर ४के अडकतंय, पुण्याहून जोडणीही होत नाही

धरमपेठकर:
प्लेक्सवर हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात बदलून घ्यायला) विकतचा प्लेक्स पास लागतो, म्हणून जेलीफिन या फुकटच्या मीडिया सर्व्हरवर येतोय. मशीन: आय५-६५००, ८ जीबी रॅम, डेबियन १२, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ४ टीबीची यूएसबी डिस्क, टीव्हीला अँड्रॉइड बॉक्स. १०८०पी छान चालतं. ४के एचडीआर लावलं की अडकत अडकत चालतं, प्रोसेसर १०० टक्के. व्हीए-एपीआय (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओचं काम करून घ्यायची सोय) चालू आहे. पुण्याच्या ताईसाठी राउटरवर ८०९६ पोर्ट उघडलं, पण तिच्याकडे पानच उघडत नाही. ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

बर्डीवाला:
कार्डाचे पैसे ठेवा खिशात. तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. त्यात ८-बिट एचईव्हीसी (४के फायलींचा नेहमीचा व्हिडिओ प्रकार) हार्डवेअरवर उलगडतं. १०-बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून. एचडीआर फायली १०-बिट असतात, म्हणून सगळा भार प्रोसेसरच्या चार कोअरवर येतो. व्हीए-एपीआय चालू केल्याने ते बदलत नाही.

पण मुळात ट्रान्सकोड का होतंय? बॉक्सला १०-बिट एचईव्हीसी येत असेल तर सर्व्हरने फाइल नुसती पुढे ढकलायची, प्रोसेसर ५ टक्केही लागत नाही. सिनेमा चालू असताना डॅशबोर्डवर त्या सेशनचं माहितीचं चिन्ह दाबा, कारण तिथेच लिहिलेलं असतं. आवाजाचं कारण असेल तर सोडून द्या, ते काम हलकं आहे. बिटरेटचं असेल तर बॉक्सवरच्या अ‍ॅपमधली मर्यादा वाढवा.

एवढं करूनही ट्रान्सकोड लागणारच असेल तर जुना आय५-७५०० बघा. सॉकेट तोच, बायोस अपडेट करावा लागतो. कंपनीच्या तयार डेस्कटॉपसाठी तो अपडेट मिळतो का, हे आधी तपासा. आठव्या पिढीच्या सॉकेटचं नाव सारखंच आहे, पण तुमच्या बोर्डावर तो प्रोसेसर चालणार नाही. दुकानदार "बसते नं भाऊ" म्हणेल. बसते, चालत नाही.

खामल्याची वायर:
पुण्याचं मी सांगतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. मग तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरची विनंती तिथवर पोचतच नाही. सर्व्हरवर आणि ताईंच्या फोनवर टेलस्केल (दोन्ही उपकरणं खाजगी जाळ्यात जोडणारं अ‍ॅप) टाका, मग अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा टेलस्केलवाला पत्ता आणि पुढे ८०९६. राउटरवर उघडलेलं पोर्ट बंद करून टाका. सगळंच स्वतःचं हवं असेल तर हेडस्केल (टेलस्केलचा मधला सर्व्हर स्वतः चालवायची सोय) आहे, पण त्याला सार्वजनिक पत्त्याचा भाड्याचा सर्व्हर लागतो. सीजीनॅटमागच्या घरात ठेवून उपयोग नाही. ताईंच्या खात्याला इंटरनेट बिटरेटची मर्यादा घाला, ८ एमबीपीएस. नाहीतर तुमचं अपलोड संपेल.

डिस्क एनटीएफएस (विंडोजच्या मांडणीची) आहे का? असेल तर रिकामी करून ईएक्सटी४ (लिनक्सच्या मांडणीची) करा. डेस्कटॉपवर आपोआप माउंट झालेल्या डिस्कमध्ये बहुतेकदा जेलीफिन नावाच्या युजरला शिरता येत नाही आणि लायब्ररी रिकामी दिसते. एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहून कायमच्या ठिकाणी माउंट करा, सोबत 'नोफेल' घाला. नाहीतर डिस्क नसताना मशीन बूटच अडवेल. त्याच जेलीफिन युजरला रेंडर गटात (ग्राफिक्स चिप वापरायची परवानगी असलेल्या) टाकून सेवा रीस्टार्ट केली का? नसेल तर व्हीए-एपीआय नुसतं सेटिंगमध्येच चालू आहे.

आणि डिस्क कूलरसमोर ठेवू नका. मे महिन्यात सगळे तेच करतात. गार हवेसोबत ओल येते. साधा टेबल फॅन पुरे.

धरमपेठकर:
कारण सापडलं: सबटायटल. वॅनचा पत्ता १००.७८ ने सुरू होतो. रेंडर गट राहिलाच होता, आता टाकला.

बर्डीवाला:
मग ती पीजीएस सबटायटलं असणार, म्हणजे अक्षरांची चित्रं. तुमचं अ‍ॅप ती दाखवत नसेल तर सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर छापत बसतो. सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये ओसीआर करून (चित्रातली अक्षरं ओळखून) एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची सबटायटल फाइल, काढा. मराठीसाठी टेसरॅक्टची (अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची) मराठी फाइल वेगळी उतरवावी लागते. जोडाक्षरं हाताने तपासा, 'द्ध' आणि 'द्य' हमखास चुकतात. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून सिनेमाच्याच नावाने शेजारी ठेवा. मग फाइल थेट चालेल, नवं काही घ्यायला नको.